नाकतोड्याची डावी सीट

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

इंदूआजी,

आदाब आणि नमस्कार, दोन्ही घ्या. मी नुजहत, तुमच्या शेजारच्या हबीब मिस्त्रींची नात. फोनवर तुम्ही, ऐकू येवो न येवो, सगळ्याला हो हो म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहिते आहे.

बातमी अशी की नाकतोडा परत येतोय. मी ज्या कारखान्यात गाड्यांच्या गाद्या शिवते, तिथे जुन्या शर्यतीच्या गाड्या नव्याने बांधतात. सांगाडा नवा, पत्रा नवा, आकार मात्र हुबेहूब जुना. हौशी लोक लांबून येऊन मागणी नोंदवतात. मागच्या महिन्यात नागपूरचे उत्तमसिंग राठोड आले. मूळचे महागावकडचे. लहानपणी वडिलांबरोबर दिग्रसला कापूस घेऊन आले असताना त्यांनी तुमच्या यजमानांची, बापूजींची, ती हिरवी, दोनच सीटची विलायती गाडी पाहिली आणि ती त्यांच्या डोळ्यांतून गेलीच नाही. त्यांना तशी गाडी नको आहे, तीच हवी आहे. तिचं इंजिन त्यांनी आर्णीच्या एका मिरची दळायच्या गिरणीतून शोधून काढलं. गाडी मोडीत निघाली तेव्हा दादाजींनीच ते तिथे बसवलं होतं म्हणे. इंजिन जुनं आणि बाकी सगळं नवं, असा हा प्राणी आहे.

पुढच्या हिवाळ्यात नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा आहे. गाडी अस्सल जुन्यांच्या रांगेत उभी करायची की नव्या बनावटीच्या, हे तिथले परीक्षक ठरवतील. उत्तमसिंगांचा जीव पहिल्या रांगेत अडकलाय. माझाही अडकलाय, कारण आतलं सगळं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर सोपवलं आहे. ती रांग मिळाली तर पुढच्या गाड्या मला देतील असं मालक म्हणाले.

बाहेरची मापं विलायती पुस्तकात आहेत. पण दिग्रसला येऊन ती गाडी आतून कशी झाली होती, ते पुस्तकाला काय ठाऊक. दादाजींना विचारलं तर म्हणाले, "मेलेल्या गाडीले कायले उठवून राह्यली बेटा?" आणि कूस बदलून झोपले. आता तुम्हीच उरलात. इंदूबाई त्या गाडीत राणीसारखी फिरली, असं सगळं गाव सांगतं. डाव्या सीटवरून काय दिसायचं, वास कसला यायचा, ते मला लिहा ना.

तुमची,
नुजहत


दिग्रस
२६ नोव्हेंबर २०२४

चि. नुजहतला आशीर्वाद.

तुझं पत्र देताना पोस्टमन दारात रेंगाळला. "काकू, तुमाले आता कोन लिहून राह्यलं?" म्हणाला. मी म्हटलं, आहे एक. म्हाताऱ्या बाईला पत्र आलं की लोकांना फार पंचाईत.

नाकतोडा हे नाव गावाने ठेवलं. गाडी सुरू होताना एक उडी मारायची आणि मग चालायची. चाकांवरचे पत्रेही तसेच, मागचे पाय दुमडून बसल्यासारखे. रंग हिरवा, पण पोपटी नको करू. तुरीच्या शेंगा भरत आल्या की जो हिरवा होतो, तो.

वास सरकीचा. बापूजी आमच्या कापसाच्या जिनिंगमधून सरकीचं पोतं डाव्या सीटवर टाकून न्यायचे, नाहीतर माझे सासरे बसायचे. सीटला मांजरपाटाची खोळ होती, ती मीच शिवलेली. शिवण आतल्या बाजूला, आणि कोपऱ्यात दोरा दोनदा फिरवलेला, कारण पोतं घासून तिथेच उसवायचं.

आणि एक विसरू नको. त्या बाजूने पाहिलं की रस्ता दिसत नाही. समोरच्या काचेत नुसते झाडांचे शेंडे. कडुनिंबाचे, चिंचेचे, आणि फाल्गुनात पळसाचे, पेटल्यासारखे. गाडी चाललीय की शेंडेच मागे वाहताहेत, ते कळत नाही. अरुणावतीचा पूल आला की शेंडे संपतात आणि सगळी काच आभाळाने भरते. तिथे पोटात हलकं होतं, पाळणा खाली येताना होतं तसं. पुलापलीकडे पुन्हा झाडं येतात आणि माणूस पुन्हा बुडतो.

असं ते आहे. हबीबभाईंच्या खोकल्याला मी आल्याचा पाक दिला आहे. खात नाहीत.

तुझी,
इंदूआजी


पुणे
९ जानेवारी २०२५

इंदूआजी,

तुमचं पत्र मी कारखान्यातल्या माझ्या शिलाई मशीनच्या कप्प्यात ठेवलंय. रोज काढते. ते वाचलं की इथला पत्रा ठोकण्याचा आवाज कमी होतो आणि मी कुठेतरी शेंड्यांखालून चाललेली असते. काल तर फोरमनने खांद्याला हात लावून जागं केलं, आणि मी झोपलेली नव्हते.

एक अडचण होती. पुस्तकातल्या मापाने सीट बसवली की रस्ता चांगला दिसतो. मी स्वतः बसून पाहिलं. फोरमन म्हणाले, आजीबाईंचं काय ऐकतेस, पुस्तक बघ. मी पुस्तक बाजूला ठेवलं. गादीतला काथ्या कमी केला, खालची चौकट कापली आणि सीट इतकी खाली घेतली की रस्ता बुडाला. कारखान्यात झाडं नाहीत, तर समोर छताचे पत्रे दिसले. तरी मला पोटात हलकं झालं, शपथ.

खोळ तुमच्या टाक्याने शिवली. आता आवाजाचं सांगा. आणि तुमचं सांगा. केस बांधलेले असायचे की वाऱ्यावर? बापूजी काही बोलायचे की नुसते चालवायचे?

नुजहत


दिग्रस
२ फेब्रुवारी २०२५

चि. नुजहत,

आवाज दोन होते. गावातला आवाज खोकल्यासारखा, पुलावरचा भरदार. पूल लागला की तो बदल थेट घरापर्यंत ऐकू यायचा. मग मी चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

बापूजी गाडी चालवताना फार बोलत नसत असं हबीबभाई सांगतात. तूर सवंगून घरात आली. पळसाला कळ्या धरल्या आहेत. मुलगी यवतमाळला बोलावते आहे, ईदच्या सुमारास महिनाभर जाईन म्हणते.

तब्येतीला जप. खाली मान घालून शिवते आहेस, मान दुखेल.

इंदूआजी


पुणे
६ एप्रिल २०२५

इंदूआजी,

ईदला घरी आले होते. शीरखुर्म्याचा डबा घेऊन तुमच्या दारात गेले तर कुलूप. हे पत्र तुम्ही यवतमाळहून परत आल्यावर वाचाल.

जेवणं झाल्यावर मी दादाजींच्या हातात मोबाईल दिला, सीटचा फोटो लावून. इतके दिवस नाही नाही म्हणणारे दादाजी तो फोटो कितीतरी वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "हे सीट चुकली बेटा. इतकी खाली नव्हती. इथून तं रस्ता दिसनारच नाई."

मी म्हटलं, इंदूआजींनी सांगितलं तसंच केलंय. त्या बसल्या आहेत त्यात.

दादाजींनी चष्मा काढला. "वहिनी? वहिनी कवाच बसल्या नाई त्यात. उघडी गाडी, वर टप नाई. तिच्या सासूनं बसू देल्लं नाई. बापू मले म्हने, हबीब, एक टप शिवून दे, मंग इंदूले फिरवतो. मी माप घ्याले गेलतो. तेवढ्यात गिअर मोडला. बाहेरून सामान आलंच नाई, आन् गाडी उभ्या उभ्या सडली." एवढं बोलून ते नमाजला निघून गेले.

आजी, मला राग आलेला नाही. मला फक्त कळत नाही की मग ते शेंडे कुणी पाहिले. अडचण अशी की उत्तमसिंगांनी परीक्षकांना कळवून टाकलंय, त्या गाडीत बसलेली बाई हयात आहे, ती मेळ्यात येईल आणि ही तीच गाडी आहे असं सांगेल. त्यांचा सगळा भरवसा तुमच्या शब्दावर आहे. मी त्यांना काय सांगू ते कळवा.

नुजहत


दिग्रस
१४ जुलै २०२५

चि. नुजहत,

उशीर झाला. मध्ये लिहायला घेतलं होतं आणि फाडून टाकलं.

आधी तुझा रागच आला. मी बसले होते असं मी कुठे लिहिलं? काढ माझी पत्रं. त्या बाजूने पाहिलं की शेंडे दिसतात, एवढंच लिहिलंय. बसले असं तू मानलंस, गावाने मानलं. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "तुही मज्जा हाय बाई, नवऱ्याच्या बाजूले बसून फिरतं." मी पदर सावरायची आणि हसायची. त्या हसण्याचा त्यांनी काय अर्थ घ्यायचा तो घ्यावा. नवऱ्याच्या शेजारी बसून गावातून जाणारी बाई व्हायला कुणाला आवडणार नाही?

शेंडे मीच पाहिले. गाडी जिनिंगच्या अंगणात कडुनिंबांच्या ओळीत उभी असायची. दुपारी घर झोपलं की मी सुई-दोरा घेऊन जायची. सासूबाईंनी गाडीत बसायला मनाई केली होती, गाडीजवळ बसायला केली नव्हती. डावं दार उघडायचं, दारात खाली पाट टाकायचा आणि सीटला टेकून खोळीला टाके घालायचे. पाटावरून मान वर केली की काचेत नुसते शेंडे. वारा सुटला की ते हलायचे, आणि ते हलले की गाडी चालू लागायची. मी पूल ओलांडायची, आर्णी ओलांडायची. पुढचे रस्ते मला माहीत नव्हते, तर तेही ओलांडायची. खोळ वेळेत शिवून झाली तर मी टाके थोडे उसवून ठेवायची, उद्यासाठी. मग घरातून कुणीतरी चहाला हाक मारायचं आणि सगळं जिथल्या तिथे उभं राहायचं.

बापूजींना हे मी सांगितलं नाही. ते बिचारे टपाच्या मागे होते. मला टप नकोच होता गं. टप घातला असता तर शेंडे कुठून दिसले असते?

नागपूरला मी येणार नाही. बसले म्हटलं तर खोटं. बसले नाही म्हटलं तर गावाने इतकी वर्षं मला दिलेलं तेवढंच एक सुख जाईल, आणि या वयात ते सोडायला मन तयार नाही. तू सीट पुस्तकाप्रमाणे करून टाक. तुझं काम माझ्यापायी बिघडायला नको.

इंदूआजी


पुणे
३ नोव्हेंबर २०२५

इंदूआजी,

सीट वर घेतली. काथ्या भरला, चौकट नवी केली. आता रस्ता स्वच्छ दिसतो. फोरमन खूश आहेत. मी मात्र त्या दिवसापासून गाडीत बसलेली नाही.

उत्तमसिंगांना मी एवढंच सांगितलं की आजी कदाचित येणार नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. मी तुम्हाला या म्हणत नाही. खोटं तर बोलूच नका, आणि खरं बोलायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या कामाचं ओझं त्यात घालू नका.

मी मेळ्याला नाही. मालकांनी दुसऱ्या गाडीच्या कामाला बसवलंय. दादाजी मात्र जायचं म्हणतात, इंजिनाला एकदा हात लावायला. उत्तमसिंगांची जीप त्यांना घ्यायला येईल. जीपमध्ये जागा असेल, म्हणून फक्त सांगून ठेवते.

नुजहत


दिग्रस
२ डिसेंबर २०२५

चि. नुजहत,

गेले मी. जीप दारात आली, हबीबभाई नवी टोपी घालून बसले होते, आणि मला एकदम वाटलं की निदान पाहून तर यावं.

नागपूरचं मैदान सकाळच्या धुक्यात होतं. गाड्या त्यातून एकेक करून उमटत होत्या. पहिल्या रांगेत दोऱ्या लावल्या होत्या, हात लावायचा नाही, पोरांनी जवळ यायचं नाही. आपली गाडी दोन्ही रांगांच्या मधे उभी होती, निकालाची वाट पाहत. नुजहत, रंग अगदी तुरीचा झालाय. मला क्षणभर आमच्या अंगणात आल्यासारखं वाटलं आणि पाय तिथेच थांबले.

हबीबभाईंनी बॉनेटवर हात ठेवला आणि उत्तमसिंगांना सुरू करायला लावली. डोळे मिटून ऐकत राहिले. "इंजिन तेच हाय," म्हणाले. "बाकीचं मले माईत नाई."

परीक्षक तिघे होते, पांढरे हातमोजे घातलेले. हबीबभाईंनी त्यांना पहिल्या रांगेतली एक गाडी दाखवली. "तिचा पत्रा बदलला, चाकं बदलली, इंजिनबी दुसरं हाय. ते काहून जुनी?" त्यातला एक भला माणूस म्हणाला, ती बदलत बदलत इथवर आली, तुमची गाडी मधे संपली होती. हबीबभाई मला म्हणाले, "म्हंजे वहिनी, हळूहळू केलं तं अस्सल." मला हसू आलं.

मग परीक्षकांनी मला विचारलं, ही तीच गाडी का. उत्तमसिंग हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत तो कापसाच्या गाडीवरचा पोरगा दिसत होता. एक हो म्हटलं असतं तर त्यांचं काम झालं असतं आणि तुझंही. मी म्हटलं, मी या गाडीच्या शेजारी खूप बसले, आत कधी बसले नाही. त्यामुळे आतलं मी सांगू शकत नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि गाडी दुसऱ्या रांगेत गेली.

तुझं नुकसान झालं. त्याचं मला फार वाईट वाटतं. उत्तमसिंगांनी आम्हाला दारापर्यंत सोडलं आणि चहाला न थांबता परत गेले. गावात अजून कुणाला काही ठाऊक नाही. हबीबभाई सांगणार नाहीत.

इंदूआजी


पुणे
१३ डिसेंबर २०२५

इंदूआजी,

हो, पुढच्या गाड्या दुसऱ्याला दिल्या. मला दोन दिवस वाईट वाटलं, मग जेवण जाऊ लागलं.

गाडी मेळ्याहून कारखान्यात परत आलीय. मागच्या आठवड्यात उत्तमसिंगांचा फोन आला. आधी नुसतेच खाकरले. मग म्हणाले, "पयल्या रांगेत गेली असती तं दोरी लावून ठेवा लागली असती. आता कायले जपायची? चालवू." ते दिग्रसच्या बाजारातून तिला एकदा फिरवणार आहेत. मला म्हणाले, दुरुस्ती काही असेल तर करून घे आणि तूच घेऊन ये.

दुरुस्ती एकच होती. मी सीट पुन्हा खाली घेतली. त्यांना विचारून घेतली. फोरमन म्हणाले, चुकीची सीट कशाला बसवतेस. मी म्हटलं, या गाडीचा पत्रा बघून बघून केलाय, दिवे बघून केलेत, खिळासुद्धा कशाची तरी नक्कल आहे. इंजिन सोडलं तर कशाचीही नक्कल नसलेली एवढी एकच वस्तू आहे हिच्यात. त्यांना पटलं की नाही माहीत नाही, पण चौकट धरायला आले.

नाताळच्या सुट्टीत येते. शाल काढून ठेवा, वारा लागेल.

नुजहत


दिग्रस
३० डिसेंबर २०२५

चि. नुजहत,

गाडीत बोलता आलं नाही. वाऱ्याने शब्द तोंडातच राहत होते, आणि तू चालवताना दात आवळून चालवतेस. म्हणून आता लिहिते.

मी मनात किती वेळा त्या रस्त्याने गेले होते. त्यात गाडीला धक्का नव्हता, पेट्रोलचा वास नव्हता, आणि गिअर बदलताना कुणाचं कोपर माझ्या गुडघ्याला लागत नव्हतं. रस्ता रुंद केला तेव्हा कडुनिंब तोडले, हे मला ठाऊक होतं, तरी मी शेंड्यांची वाट पाहत होते. काचेत आल्या त्या तारा, आणि तारांवर बसलेले कोतवाल पक्षी. ते एकेक करून मागे वाहत गेले. थोड्या वेळाने मला तारा आणि शेंडे वेगळे वाटेनात. तुला वाटलं मला झोप लागली. मी जागी होते, फार दूर गेले होते.

पुलावर पोटात हलकं काही झालं नाही. तिथे खड्डा आहे, कंबर अजून शेकते आहे. पण आभाळ आलं. सगळी काच भरून आलं, अगदी मी लिहिलं होतं तसं, आणि मला रडू फुटलं. बापूजी हवे होते. त्यांना एकदा या सीटवर बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बघा, मला इथून असं दिसायचं. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

आपण परत आलो तेव्हा बाजारात केवढी गर्दी झाली होती, तू पाहिलीस. तू उत्तमसिंगांबरोबर चहाला गेलीस आणि बायकांनी मला घेरलं. गल्लीतल्या प्रेरणाची सासू सगळ्यांत पुढे. माझ्याच वयाची, हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसणारी. गाडीवर हात फिरवत म्हणाली, "इंदूबाई, खरं सांग. हे तेच गाडी हाय का दुसरी? तूच सांगू शकतं. तू बसली हायस."

मी अजून सीटवरच होते. उतरायचं मन होत नव्हतं. मी म्हटलं, "मले नाई सांगता येत. त्या गाडीत मी कवाच बसली नाई. मी आज पयल्यांदा बसली."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर कीव करेल. तिने शालीचं टोक दारात अडकलं होतं ते सोडवलं आणि हळूच विचारलं, "मंग, कसं वाटलं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, नुजहत. मी सांगत बसले. तुझा चहा पिऊन झाला तरी माझं सांगणं संपलं नव्हतं.

तुझी,
इंदूआजी